वाटीचं झाड

काचवाल्याला घरात कुणी काचवाला म्हणत नसे. घरात त्याचं नाव थापाड्या. हे नाव त्याच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, तो दुसरीत असताना ठेवलं आणि ते असं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा लग्नानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्यांशी बोलताना "आमचे थापाडे" म्हणू लागली. नाव ठेवायला कारणही तसंच घडलं होतं. शाळेला दांडी मारायची म्हणून या पठ्ठ्यानं घरी येऊन सांगितलं की आमचे गुरुजी वारले. आई नव्हती. घर ताई चालवत होती, आणि ताई म्हणजे रीतीभातीला पक्की. तिनं फुलं घेतली, भावाला ओढत गुरुजींच्या घरी गेली आणि दार वाजवलं. दार गुरुजींनीच उघडलं. दाढी अर्धी झालेली, गालाला साबण. फुलं मात्र त्यांनी ठेवून घेतली.

त्या दिवसापासून ताईनं भावाच्या शब्दावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. माया सोडली नाही. त्याला जेवू घातलं, शिकवलं, त्याच्या आजारपणात रात्री जागवल्या, त्याचं लग्न लावलं. पण तो काही सांगू लागला की ती हातातलं काम न थांबवता विचारायची, "वजन किती भरलं?"

हा तिच्या नोकरीचा प्रश्न. ताई पार्सल कचेरीत वजनकाट्यावर बसायची. आयुष्यभर तिनं लोकांची खोकी, पोती, गाठोडी तोलली. माणूस म्हणे, "फार हलकं आहे हो," आणि काटा भलतंच सांगे. त्यामुळे तिचं मत असं बनलं होतं की माणसं बोलतात आणि काटा सांगतो. हाताचाही तिला भारी अंदाज. पार्सल नुसतं हातात घेऊन, जरा खालीवर करून ती आकडा सांगायची आणि मग काट्यावर ठेवायची. फरक फारसा पडत नसे. कचेरीतले लोक तिच्यावर पैजा लावायचे.

अशा बाईच्या भावानं नोकरी धरली ती काचा पुसण्याची. गावाबाहेरच्या त्या अवाढव्य बागेत, जिथं देशोदेशीची झाडं लावली आहेत, एक काचघर आहे. घर म्हणायचं आपलं, एखादी आगगाडी आत उभी राहील एवढं. लोखंडी फासळ्या आणि त्यांच्यात बसवलेल्या काचा, वर घुमट. आत उष्ण देशातली झाडं. त्या घुमटाच्या काचा पुसणं हे याचं काम. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, फासळ्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून सरकत जायचं, कारण काचेवर पाय दिला तर माणूस थेट उष्ण देशात. हातात लांब काठी, तिच्या टोकाला रबराची पट्टी.

आता यात एक गंमत आहे, आणि ती नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढची हकिगत कळायची नाही. काचवाल्यानं ती झाडं जन्मभर पाहिली, पण फक्त वरून. कामाला मागच्या शिडीनं चढायचं आणि मागच्याच शिडीनं उतरायचं. बाग उघडायच्या आत काम संपायचं. चिखलाचे बूट घालून आत जायची वरच्या माणसांना मनाई. आत उभा असायचा तो याचा जोडीदार, ज्याला सगळे लांब्या म्हणत. लांब्या खालून बघायचा आणि डाग कुठं राहिला ते खुणेनं सांगायचा, कारण काचेतून आवाज जात नाही. हात गोल फिरवला की डाग आहे. मूठ दाखवली की थांब. बोट वाकडं केलं की काठी तिरपी धर. बोलायची सोय नसल्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही.

तर, झाडांचे शेंडे याला पाठ. एखादी बाई वरच्या मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांना नुसत्या भांगावरून ओळखते ना, तसं. त्यांची खरी नावं याला ठाऊक नव्हती, म्हणून यानं आपली ठेवली होती. एक टकल्या, एक झिपरी, एक उघडलेली छत्री. आणि एक वाटीचं झाड.

या वाटीच्या झाडावरच सगळा वाद होता. त्याला उन्हाळ्याच्या तोंडाला अगदी शेंड्याला फुलं येतात. पांढरी, जाडजूड पाकळ्यांची, दोन्ही हातांच्या ओंजळीएवढी, आणि तोंड वर करून उघडणारी. काचेला आतून जो घाम सुटतो त्याचे थेंब फासळीवरून ओघळत येतात आणि नेमके त्या फुलात पडतात. फूल वाटीसारखं भरतं. आणि एक चिमणी, झरोक्यातून आत शिरलेली, त्या फुलाच्या काठावर बसून पाणी पिते.

काचवाला हे दर वर्षी जेवणाच्या टेबलाशी सांगे. डाव्या हाताची वाटी करून उजव्या हाताच्या बोटानं त्यात थेंब पाडून दाखवी. मग दोन बोटांची चोच करून पाणी पिऊन दाखवी. भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, पोटभर हसायचा. बायको म्हणायची, "फुलात पाणी, पाण्यावर चिमणी. आता चिमणीच्या हातात रुमाल तेवढा द्या." आणि ताई पाव कापता कापता विचारायची, "वजन किती भरलं?"

तो हसण्यावारी न्यायचा. पण खरं सांगायचं तर हे त्याला फार लागायचं. लहानपणी मारलेल्या थापा त्याला मान्य होत्या, त्यांचा त्याला थोडा अभिमानही होता. पण ही एक गोष्ट खरी होती, जन्मात पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट होती, आणि नेमकी तीच कुणी मानत नव्हतं. बाकीच्यांचं सोडा. ताईनं मानावं एवढीच त्याची इच्छा होती.

आता तो निवृत्त झाला होता. गुडघ्यानं दगा दिला होता. आणि ताई, केस पांढरेफेक झालेली, पुढच्या आठवड्यात दूरच्या शहरात मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. खोकी बांधून झाली होती, अर्थातच एकेक तोलून. झाडाला फुलं यायचे दिवस होते. काचवाल्यानं मनाशी पक्कं केलं की ताईला ते झाड दाखवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. लांब्या हल्ली त्याच्या जागी घुमटावर चढत होता. त्याला आधी सांगून ठेवावं असं एकदा मनात आलं, पण तो विचार त्यानं झटकून टाकला. साक्षीदार आणला की ताई म्हणणार, फितवलेला आहे.

तिघं सकाळच्या बसनं निघाली. बायकोनं चहाचा थर्मास आणि उकडलेली अंडी घेतली. ताईनं छत्री घेतली, आभाळ स्वच्छ असून.

बाग पाहायची तर एक दिवस पुरत नाही, आणि ताईच्या पद्धतीनं पाहायची तर एक जन्म. जन्मभर पार्सलांवरचे पत्ते वाचलेली ती बाई. प्रत्येक झाडाखालची पाटी तिनं मोठ्यानं वाचली. हे कुठून आलं, ते कुठून आलं. "एवढ्या लांबून आणलंय, बांधलं कसं असेल?" ती विचारायची. निवडुंगांच्या वाफ्याशी बायको अडकली. तळ्यातल्या भल्यामोठ्या पानांशी दोघी अडकल्या. काचवाला पुढं जायचा, मागं यायचा, पुन्हा पुढं जायचा.

"तुमची काय गाडी सुटतेय का?" बायको म्हणाली.

"ऊन उतरलं की फुलं नीट दिसत नाहीत," तो म्हणाला. ही मात्र थाप होती.

काचघराच्या पुढच्या दारातून तो आयुष्यात पहिल्यांदा आत जात होता. पायपुसण्यावर त्यानं बूट पुसले, मग पुन्हा पुसले. दारावरच्या माणसाला वाटलं, आजोबांच्या बुटाला काही लागलंय. तो वाकून बघू लागला.

आत पाऊल टाकलं आणि त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून त्यानं मान वर केली. समोर नुसते बुंधे होते. जाड बुंधे, बारीक बुंधे, वेली लपेटलेले बुंधे, आणि वर हिरवा गोंधळ. टकल्या कुठला, झिपरी कुठली, काही कळेना. ज्यांना उभा जन्म ओळखत होता, त्यांच्यापैकी एकजण ओळख देईना.

पण बढाई अंगवळणी पडलेली. त्यानं एका रुबाबदार झाडाकडे हात केला. "हे बघ. हेच ते."

ताईनं चष्मा सावरला आणि पाटी वाचली. "रबर."

"हे नव्हे. त्याच्या पलीकडचं."

ताई पलीकडे गेली. "कोको. याला म्हणे फुलं बुंध्यालाच येतात." आणि ती भावाकडे पाहू लागली.

मग त्याची जी धांदल उडाली ती विचारू नका. या वाटेनं गेला, त्या वाटेनं आला, एका सहलीच्या घोळक्यात शिरला आणि भलत्याच टोकाला बाहेर पडला. शर्ट अंगाला चिकटला. दोघी त्याच्या मागं. शेवटी ताई एका बाकावर टेकली. तिनं त्याला हाक मारून शेजारी बसवलं, पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि मऊ आवाजात म्हणाली, "राहू दे रे. बाग छान आहे. घाम बघ किती आलाय."

वजन किती भरलं, असं तिनं विचारलं नाही. ते विचारलं असतं तर चाललं असतं. लहान मुलाची समजूत काढावी तशी ती बोलली, आणि म्हाताऱ्या काचवाल्याला रडू येईल असं वाटलं. आता ती मुलाकडे जाणार, तिथं कुणाला तरी सांगणार, माझ्या भावानं शेवटपर्यंत थाप सोडली नाही. प्रेमानंच सांगणार. त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि जरा जास्त वेळ पुसत राहिला.

बायको थर्मासचं झाकण उघडत होती. नवऱ्याच्या थापांना ती हसत आली होती खरी, पण त्याचं पडलेलं तोंड तिला बघवेना. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही खाली कशाला शोधताय? तुमचं जे काय आहे ते वर आहे ना?"

काचवाल्यानं रुमाल खाली घेतला.

झाडं खालून त्याच्या ओळखीची नव्हती. पण काचा? काचा दोन्हीकडून सारख्याच. मागं एकदा गारांनी घुमटाची एक काच फुटली होती आणि साठ्यात तशी काच नव्हती, म्हणून यानं स्वतः तिथं एक हिरवट काच बसवली होती, तात्पुरती. तात्पुरती बसवलेली ती काच त्यानं पुढं नोकरीभर पुसली. वाटीचं झाड त्या हिरवट काचेच्या बरोबर खाली, झरोक्याच्या शेजारी.

तो उठला. मान मागं टाकून, पानांकडे न बघता, पानांच्या मधून दिसणाऱ्या काचांकडे बघत चालू लागला. फासळ्या मोजायची त्याला गरज पडली नाही. या वाकाला गंज धरतो. इथं पाणी साठतं. इथं कबुतरं बसतात, मेली. तो दोनदा लोकांना धडकला, एकदा खांबाला. आणि मग घुमटाच्या त्या स्वच्छ उजेडात त्याला एक हिरवा चौकोन दिसला.

त्याखालचं झाड कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं होतं. त्याच्यासमोरून ती तिघं मघापासून दोनदा गेली होती. बुंधा करडा, काही नखरा नाही. पानं जाड, खालून तपकिरी.

"ताई, इकडे ये. हे बघ."

ताई आली. छत्रीवर हात ठेवून तिनं वर पाहिलं, शांतपणे, नीट. "पानं आहेत," ती म्हणाली.

खरंच, खालून पानंच दिसत होती. फुलं तोंड वर करून उघडतात म्हटल्यावर ती खालून दिसणार कशी, हे काचवाल्याच्या आत्ता लक्षात आलं. एवढी वर्षं सांगितलं आणि एवढा साधा विचार डोक्यात आला नाही. तो खजील होऊन वर बघत राहिला. आणि हिरवट काचेवर एक सावली सरकली. दोन बूट, एक काठी. काठी अशी तिरपी धरायची सवय एकाच माणसाला होती.

काचवाल्यानं दोन्ही हात वर करून हलवले. सावली थांबली, वाकली, आणि तिनं काचेला नाक लावलं. लांब्याच तो. जुना जोडीदार खाली आणि आपण वर, हे बघून तो आधी काठीच टाकणार होता. मग त्यानं कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

काचवाल्यानं त्याला झाडाचा शेंडा दाखवला आणि दोन्ही हात उघडून विचारलं, काय आहे?

लांब्या गुडघ्यावर बसला. त्यानं झाडाकडे पाहिलं. मग डाव्या हाताची वाटी केली आणि उजव्या हाताच्या बोटानं तिच्यात थेंब पाडला. एक, आणखी एक, आणखी एक. मग तळवा काठोकाठ भरल्यासारखा जपून धरला.

बायकोच्या हातातला चहा तसाच राहिला. "अगं बाई," ती हळूच म्हणाली, "हे तर तुमचंच."

ताई वर बघत होती. जेवणाच्या टेबलाशी दर वर्षी पाहिलेली ती खूण आता एक परका माणूस, इतक्या उंचावर, काचेपलीकडे बसून करत होता. पण ती ताई होती. "तुमचं दोघांचं ठरलेलं असेल," ती म्हणाली.

"ठरलेलं? आमच्या वेळी बाग उघडायच्या आत काम संपायचं. तो आत्ता वर असेल हे मला माहीत नव्हतं."

"असं तू म्हणतोस."

मग काचवाल्याला एक गोष्ट सुचली. घुमटावर असताना ती त्यानं स्वतः कधी केली नव्हती, कारण खाली त्याचं असं कुणी उभं नसायचं. त्यानं ताईला खांद्याला धरून दोन पावलं सरकवलं, वर बोट केलं, आणि मग ते बोट सावकाश वाकडं केलं. तिरपी धर.

लांब्याला कळायला क्षणभर लागला. मग त्यानं झरोका उघडला. काठी आत आली, रबराची पट्टी पानांत शिरली, आणि एक फांदी, जशी झोपलेल्या मुलाला कूस बदलायला लावतात तशी, हळूच कलली. पानांमधून पांढरं काहीतरी डोकावलं, मोठं, जाड पाकळ्यांचं. आणि वरून पाणी आलं. धार नव्हे, एक गार हबका, ताईच्या चष्म्यावर, नाकावर, आणि तिनं नकळत पुढं केलेल्या तळहातात.

ताई हलली नाही. चष्मा ओला, समोरचं काही दिसत नसणार, पण तिनं तो पुसला नाही. ती तळहात जपून धरून उभी होती. मग तिनं तो हात जरा वर केला, जरा खाली केला, पुन्हा वर केला. कचेरीत करायची तसंच. काचवाला आकड्याची वाट बघू लागला.

आकडा मात्र आला नाही. पाणी बोटांच्या फटीतून गळून गेल्यावर तिनं विचारलं, "आणि चिमणी?"

काचवाल्यानं दोन बोटांची चोच करून वर विचारलं. लांब्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि मान हलवली. आता, आहे म्हणून सांगायला काय जात होतं? खालून तसंही दिसत नव्हतं. थापाड्याच्या तोंडात ते आलंही होतं.

"आज नाहीये," तो म्हणाला.

ताईनं मान डोलावली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला. मग तिघांनी त्याच बाकावर बसून अंडी खाल्ली, चहा प्यायला, आणि ताईनं बागेतल्या उरलेल्या सगळ्या पाट्या वाचल्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी झोपली. आता पटलं का, असं काचवाल्याला विचारायची फार इच्छा होती, पण त्यानं विचारलं नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. बाहेरच्या खोलीत बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून ताई मुलाशी फोनवर बोलत होती. गाडीची वेळ, सामान, औषधं. मग तिचा आवाज जरा बदलला. दाराच्या फटीतून काचवाल्याला दिसलं की तिनं फोन खांद्याशी मानेनं धरलाय, आणि डाव्या हाताची वाटी करून उजव्या हाताच्या बोटानं ती त्यात थेंब पाडतेय. फोनवर कुणाला दिसणार होतं? पण ती दाखवत होती.

"काचेचं पाणी त्या फुलात साठतं," ती सांगत होती. "वाटीसारखं फूल. आणि त्यावर चिमणी येऊन पाणी पिते."

पलीकडून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. भाचा काहीतरी म्हणाला. मामाच्या थापा, असंच असणार.

ताईचा पारा चढला. काट्याशी हुज्जत घालणाऱ्या गिऱ्हाइकाला ती ज्या आवाजात गप्प करायची, तो आवाज तिला अजून लागत होता. "थापा कसल्या? मी या हातानं तोललंय. मोठा चमचाभर भरलं, आणि वर थोडंसं." मग जरा थांबून ती म्हणाली, "चिमणी आज नव्हती. पण तो म्हणतो ना असते, म्हणजे असते."

काचवाला ताटली पुसत राहिला. ती केव्हाच कोरडी झाली होती.